नाव एकच, कार्डं दोन: तीस-पस्तीस हजारांच्या ग्राफिक्स कार्डात नेमकं काय पदरात पडतं?

कॉम्प्युटरच्या दुकानात काचेमागं दोन खोकी शेजारीशेजारी ठेवलेली असतात. रंग तोच, चित्र तेच, नावही तेच: आरटीएक्स ५०६० टीआय. किमतीत मात्र पाचेक हजारांचा फरक. नीट निरखून पाहिलं तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत एकावर ८ जीबी लिहिलेलं, दुसऱ्यावर १६ जीबी. शेजारच्या कप्प्यात एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी. तिथंही हाच प्रकार, एक नाव आणि दोन कार्डं.

'एनव्हीडिया घ्यावं की एएमडी?' हा वाद कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षानुवर्षं रंगतो. पण २०२५ मध्ये आलेल्या कार्डांचा हिशेब मांडला, तर तीस-पस्तीस हजारांच्या गिऱ्हाइकासाठी खरी सीमा या दोन कंपन्यांच्या मधून जात नाही. ती एकाच कंपनीच्या दोन खोक्यांच्या मधून जाते. आणि ही सीमा गिऱ्हाइकाला दिसू नये अशी सोय दोन्ही कंपन्यांनी केली आहे.

हा विषय निव्वळ हौसेचा नाही. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, मध्यमवर्गीय घरात कॉम्प्युटरसाठी मोठी रक्कम साधारण एकदाच निघते, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. पोराला कार्ड हवं असतं गेमसाठी, घरी सांगितलं जातं प्रोजेक्टसाठी. दोन्ही थोडंथोडं खरं असतं. ते कार्ड पुढची चार-पाच वर्षं चालवायचं असतं, मधे बदलून घेण्याची सोय नसते. त्यामुळं पहिल्या दिवशी गेम किती पळतो यापेक्षा तिसऱ्या वर्षी किती पळेल, हा प्रश्न मोठा.

मैदानात कोण कोण?

एनव्हीडियानं १६ एप्रिल २०२५ रोजी आरटीएक्स ५०६० टीआय आणलं. अमेरिकेतली जाहीर किंमत ८ जीबीला ३७९ डॉलर, १६ जीबीला ४२९ डॉलर. महिन्याभरानं, १९ मे रोजी, साधं ५०६० आलं, २९९ डॉलरला आणि फक्त ८ जीबीत. एएमडीनं ५ जूनला उत्तर दिलं: आरएक्स ९०६० एक्सटी, ८ जीबी २९९ डॉलर, १६ जीबी ३४९ डॉलर. तिसरा भिडू इंटेल. त्याचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्येच आलेलं, १२ जीबी मेमरी आणि किंमत २४९ डॉलर.

वेगाचं म्हणाल, तर १०८० पी आणि १४४० पी या नेहमीच्या दोन रिझोल्यूशनवर १६ जीबीचं ९०६० एक्सटी आणि १६ जीबीचं ५०६० टीआय साध्या गेममध्ये जवळजवळ खांद्याला खांदा लावून चालतात. एखाद्या गेममध्ये हे पुढं, दुसऱ्यात ते. सरासरी काढली तर एनव्हीडिया थोडं वरचढ ठरतं. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाश-सावल्यांचा खराखुरा हिशेब करणारी पद्धत, सुरू केली की ही आघाडी आणखी वाढते. पण दोघांच्या जाहीर किमतींत ८० डॉलरचं अंतर आहे. रुपयांत कर धरून ते आठ हजारांच्या घरात जातं. वेगातला फरक तेवढ्या पैशांचा नाही.

साधं ५०६० हे त्याच्या आधीच्या ४०६० पेक्षा पाचव्या हिश्श्याहून थोडं अधिक वेगवान आहे. चिप चांगली आहे, वीजही कमी खाते, १४५ वॅट. पण ८ जीबीनं त्या चिपचे पाय बांधलेत.

आठ जीबीचं दुखणं

एएमडीचं आरएक्स ४८० जून २०१६ मध्ये आलं होतं. त्याच्या ८ जीबीच्या कार्डाची किंमत होती २३९ डॉलर. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी जेवढी मेमरी २३९ डॉलरला मिळत होती, तेवढीच आज ३७९ डॉलरच्या कार्डावर बसवून विकली जाते. स्वतः एनव्हीडियानंच २०२१ च्या आरटीएक्स ३०६० ला ३२९ डॉलरमध्ये १२ जीबी दिली होती. दोन पिढ्यांनंतर त्याच मालिकेतलं कार्ड ८ जीबीवर उतरलं आहे. वेगवान मेमरी आहे, नव्या जातीची आहे, हे खरं. पण गोदाम लहान असेल तर हमाल कितीही चपळ असून माल बाहेरच राहतो.

मेमरी कमी पडली की नेमकं काय होतं, ते समजून घ्यायला हवं, कारण ते आलेखांत लगेच दिसत नाही. गेममधली चित्रं, भिंतींचे पोत, चेहरे हे सगळं कार्डाच्या मेमरीत बसावं लागतं. नाही बसलं तर उरलेलं कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये ठेवलं जातं आणि मदरबोर्डाच्या स्लॉटमधून ये-जा सुरू होते. ५०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माहिती देऊ शकते. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून हेच कार्ड सेकंदाला जेमतेम ८ जीबी ओढतं. बेळगावहून गोव्याला निघालेल्या चौपदरी रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या एकदम चोर्ला घाटात शिराव्यात, तसं ते. सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात, पण वळणावर गेम गचके खातो, भिंती मेणासारख्या वितळल्यागत दिसतात, कधी गेम बंदच पडतो. द लास्ट ऑफ अस पार्ट वन किंवा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल यांच्यासारख्या गेममध्ये हे लोकांनी अनुभवलं आहे. सेटिंग खाली आणली की गेम चालतो. प्रश्न एवढाच, की कोरं करकरीत कार्ड घेऊन पहिल्याच वर्षी सेटिंग खाली का आणायची?

यात आणखी एक बारकावा दडलेला आहे, आणि आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला तोच जास्त झोंबतो. ५०६० आणि ५०६० टीआय ही दोन्ही कार्डं स्लॉटच्या सोळापैकी आठच मार्गिका वापरतात. ९०६० एक्सटी सोळाच्या सोळा वापरतं. नव्या मदरबोर्डावर फरक जाणवत नाही. पण आपल्याकडे बहुतेक जण अख्खा पीसी नवा घेत नाहीत. पाच-सहा वर्षांपूर्वीचा असेंबल केलेला पीसी असतो, त्यात कार्ड तेवढं बदललं जातं. त्या मदरबोर्डांवर बऱ्याचदा तिसऱ्या पिढीचाच स्लॉट असतो. तिथं ८ जीबीचं आणि आठ मार्गिकांचं कार्ड दुहेरी मार खातं.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असं नाही. ५०६० टीआय बाजारात आलं तेव्हा एनव्हीडियानं परीक्षकांकडे १६ जीबीची कार्डं पाठवण्याची व्यवस्था केली, ८ जीबीची नाही. साधं ५०६० आलं तेव्हा त्याचा ड्रायव्हर विक्रीच्या दिवसापर्यंत खुला केला नाही, आणि तो दिवस नेमका तैपेईतल्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनाच्या आठवड्यातला. निम्मे परीक्षक तैवानात, कार्डं घरी. एएमडीनंही शहाणपणा केला नाही. बहुसंख्य लोक अजून १०८० पीवरच खेळतात, त्यांना ८ जीबीहून जास्त लागत नाही, असा बचाव कंपनीच्या फ्रँक अझोर यांनी जाहीरपणे केला. लोक १०८० पीवर खेळतात हे खरंच आहे. मग दोन्ही कार्डांना एकच नाव कशाला दिलं, याचं उत्तर त्यात नाही.

स्वस्त कार्डाची अडचण

इंटेलचं बी५८० कागदावर सगळ्यांत गरिबाच्या बाजूचं. १२ जीबी मेमरी, वेग ४०६० च्या बरोबरीचा किंवा किंचित जास्त. पण जानेवारी २०२५ मध्ये परीक्षकांनी हे कार्ड जुन्या प्रोसेसरवर लावून पाहिलं आणि गोम कळली. इंटेलचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. महागड्या प्रोसेसरवर झकास धावणारं कार्ड रायझेन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर बरंच मागं पडतं. शिवाय रिसायझेबल बार नावाची सोय मदरबोर्डावर सुरू नसेल तर त्याचा निम्मा जीव जातो. कंपनीनं नंतर काही गेमपुरती दुरुस्ती केली. तरी गंमत राहतेच: ज्याच्याकडे पैसे कमी, त्याचा पीसी जुना, आणि त्याच्यासाठी काढलेलं कार्ड जुन्या पीसीवरच अडतं. नवा प्रोसेसर सोबत घेणार असाल तरच बी५८० चा विचार करावा.

'एकाचे चार' करणारी जादू

जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस मेळ्यात एनव्हीडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी व्यासपीठावरून सांगितलं, की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे ४०९० इतकी कामगिरी देईल. ४०९० म्हणजे २०२२ चं १,५९९ डॉलरचं कार्ड. टाळ्या भरपूर पडल्या. कार्डं लोकांच्या हाती आली तेव्हा कळलं, की हा हिशेब फ्रेम जनरेशनचा होता. कार्ड एक फ्रेम खरोखर रंगवतं आणि पुढच्या तीन एआयच्या अंदाजानं मधे भरतं. पडद्यावरचा आकडा चौपट होतो, चित्र गुळगुळीत दिसतं. पण माऊस हलवल्यावर गेमनं प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ चौपट घटत नाही, कारण हाताचं ऐकणारी फ्रेम एकच असते. मूळ वेग सेकंदाला ६० फ्रेमच्या आसपास असेल तर ही सोय छान वाटते. मूळ वेगच २५ असेल तर १०० चा आकडा पाहून समाधान तेवढं मिळतं. आणि या जादूलाही मेमरी लागतेच, म्हणजे ८ जीबीवाल्याची अडचण पुन्हा तीच.

तरीही एनव्हीडियाचं डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून धारदार करणारं तंत्र, आजही सर्वांत जास्त गेममध्ये आहे आणि दर्जानंही उत्तम आहे, हे मान्य करायला हवं. एएमडीचं एफएसआर ४ त्याच्या बरंच जवळ आलं आहे. मात्र ते कंपनीनं अधिकृतपणे ९००० मालिकेपुरतंच ठेवलं आहे आणि सगळ्या गेममध्ये अजून पोहोचलेलं नाही.

डॉलरचा भाव, जीएसटी आणि कोगनोळी नाका

अमेरिकेतली किंमत वाचून इथल्या दुकानदाराला 'लुटतोस का?' म्हणणाऱ्यांनी एक साधा गुणाकार करावा. तिकडची जाहीर किंमत कर सोडून असते. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी धरून सांगितली जाते. डॉलर ८६ रुपये धरला, तर २९९ डॉलरचं कार्ड करासह ३० हजार ३०० च्या आसपास पडतं, ३४९ चं ३५ हजार ४०० आणि ४२९ चं ४३ हजार ५००. ५०७० साठी एनव्हीडियानं भारतात ५९ हजार रुपये जाहीर केले होते. त्याच दरानं गुणाकार ५५ हजार ७०० चा येतो. म्हणजे वरचे तीन हजार वाहतूक, वितरक, दुकानदार आणि रुपयाच्या घसरणीची तरतूद. त्यात दिवसाढवळ्या दरोडा नाही. २०२५ च्या डिसेंबरात डॉलरनं ९० रुपयांची पातळी ओलांडली. एवढ्यानंच २९९ डॉलरच्या कार्डावर चौदाशे रुपये चढतात, कार्डात कणभरही बदल न होता.

सीमाभागात अजूनही एक समज टिकून आहे, की कोल्हापूरला किंवा पुण्याला जाऊन घेतलं की स्वस्त पडतं. जुलै २०१७ पूर्वी या बोलण्यात काहीतरी अर्थ होता. प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा, नाक्यावरची तपासणी वेगळी. आता कोगनोळी नाक्याच्या अलीकडं घ्या की पलीकडं, कर १८ टक्केच. दुकानातून घेतलं तर बिलावर ९ अधिक ९, दुसऱ्या राज्यातून मागवलं तर सरळ १८ टक्के आयजीएसटी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, बंगळूरच्या एसपी रोडवर किंवा सिकंदराबादच्या सीटीसीमध्ये जो थोडा भाव कमी मिळतो, तो स्पर्धेमुळं आणि साठ्यामुळं, राज्यामुळं नाही. जाण्यायेण्याचं भाडं वजा करता त्यातलं किती उरतं, हे ज्यानं त्यानं पाहावं.

ज्यांचा व्हिडिओ एडिटिंगचा वगैरे व्यवसाय आहे आणि जीएसटी नंबर कर्नाटकातला आहे, त्यांनी मात्र एक गोष्ट सांभाळावी. महाराष्ट्रातून घेताना बिल आयजीएसटीचं करून घ्यावं. महाराष्ट्राचा एसजीएसटी लावलेलं बिल आणलं, तर त्या हिश्श्याचं क्रेडिट कर्नाटकात मिळत नाही.

राज्याची सीमा करातून पुसली गेली, पण वॉरंटीत एक वेगळी सीमा आहे, देशाची. भारतातली वॉरंटी सहसा इथल्या अधिकृत आयातदारानं आणलेल्या कार्डालाच लागू होते आणि सिरियल नंबरवरून ते लगेच कळतं. दुबईहून सुट्टीवर येणाऱ्या मामाकडून मागवलेलं कार्ड दोन-चार हजारांनी स्वस्त पडेलही, पण दोन वर्षांनी पंखा बंद पडला की ते परत दुबईलाच पाठवावं लागण्याची शक्यता असते. काही ब्रँडची सर्व्हिस सेंटर मोठ्या शहरांतच आहेत. निपाणी-खानापूरच्या माणसानं म्हणून चिप कुणाची याच्या आधी, बिघडल्यावर कार्ड कुठं न्यायचं, हे विचारून घेतलेलं बरं.

भाव उतरत का नाहीत?

कारण या कंपन्यांना आता गेम खेळणाऱ्यांची पूर्वीसारखी गरज उरलेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हीडियाची एकूण उलाढाल २६.९ अब्ज डॉलर होती आणि त्यात गेमिंगचा वाटा सर्वांत मोठा, १२ अब्जांहून अधिक. तीनच वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात, उलाढाल १३०.५ अब्जांवर गेली. त्यात डेटा सेंटरचे ११५ अब्ज, गेमिंगचे जेमतेम ११. घरचा थोरला मुलगा तीन वर्षांत घरातला पाहुणा झाला.

स्पर्धेनं भाव पाडावा, तर स्पर्धाही नावालाच. जॉन पेडी रिसर्चच्या आकडेवारीनुसार २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत बाजारात गेलेल्या स्वतंत्र ग्राफिक्स कार्डांपैकी ९४ टक्के एनव्हीडियाची होती, ६ टक्के एएमडीची. त्यातून तिघांच्याही या चिप बनतात एकाच ठिकाणी, तैवानच्या टीएसएमसीकडे. एनव्हीडियाचे ह्वांग आणि एएमडीच्या लिसा सू हे तर एकमेकांचे दूरचे नातलग. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हीडियानं इंटेलमध्येही ५ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. भाऊबंदकी म्हणावी की भागीदारी, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आता त्यात मेमरीची टंचाई आली आहे. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी, ती सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडूनच येते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि ३ डिसेंबरला मायक्रॉननं क्रुशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मेमरी महागली की १६ जीबीच्या कार्डाला ८ जीबीच्या कार्डापेक्षा जास्त झळ बसते, कारण त्यात मालच दुप्पट. म्हणजे नेमकं जे घ्यायला हवं, तेच आधी महागणार. घ्यायचं ठरलंच असेल, तर पुढच्या दिवाळीच्या सेलची वाट पाहण्यात फारसा अर्थ दिसत नाही.

मग घ्यायचं काय?

सगळ्यांत आधी, काहींनी काहीच घेऊ नये. फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यानं तीस हजार घालवायचं कारण नाही. व्हॅलोरंटच्या निर्मात्यांनी सेकंदाला १४४ फ्रेमसाठी सुचवलेलं कार्ड जीटीएक्स १०५० टीआय आहे, २०१६ सालचं. असे गेम प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतात. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर कार्डानं २०० फ्रेम काढल्या काय नि ६० काढल्या काय, डोळ्यांपर्यंत ६० च येणार. त्यांनी आधी मॉनिटर बदलावा.

नवे मोठे गेम खेळणाऱ्याला, जुना पीसी असो की नवा, या किमतीत १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी सर्वांत समजूतदार निवड ठरतं. ब्लेंडर, एडिटिंग किंवा एआयचं शिक्षण खरोखरच करायचं असेल, घरी सांगण्यापुरतं नाही, तर एनव्हीडियाच्या कुडाला अजून तोडीचा पर्याय नाही. तिथं जास्तीचे आठ हजार घालून १६ जीबीचं ५०६० टीआय घ्यावं. ८ जीबीचं ५०६० टीआय कुणासाठी काढलं आहे, ते कंपनीच जाणे. साधं ५०६० समजण्यासारखं तरी आहे: तीस हजारांवर एक रुपयाही जात नसेल, मदरबोर्ड नवा असेल आणि गेम १०८० पीवरच खेळायचे असतील, तर.

जुन्या बाजारातलं १२ जीबीचं ३०६० अजूनही वाईट नाही, पण ते कुठून आलं हे विचारावं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर, रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डं धूळ झटकून बाजारात आली. समोर पीसीला लावून अर्धा तास जड गेम चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि पॉवर सप्लाय. कॅबिनेटबरोबर आलेल्या फुकट एसएमपीएसवर लिहिलेले ४५० वॅट खरे असतीलच असं नाही. ५०६० साठी एनव्हीडिया ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. कार्डासाठी साठवलेल्या पैशांतले तीन-चार हजार चांगल्या कंपनीच्या सप्लायला जाणार, हे आधीच धरून चालावं. व्होल्टेज खालीवर होणाऱ्या गावांत तर नक्कीच.

दुकानातून निघण्यापूर्वी बिल एकदा वाचावं. त्यावर नुसतं '९०६० एक्सटी' किंवा '५०६० टीआय' लिहिलेलं असेल तर ते तिथंच दुरुस्त करून घ्यावं: १६ जीबी हे आकडे आणि खोक्यावरचा सिरियल नंबर, दोन्ही.